द लंचबॉक्स (चित्रपट)

द लंचबॉक्स हा रितेश बत्रा यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला, २०१३ साली प्रदर्शित झालेला हिंदी चित्रपट आहे. एका गृहिणीने नवऱ्यासाठी पाठवलेला जेवणाचा डबा मुंबईच्या डबेवाल्यांच्या हातून चुकून एका विधुराच्या टेबलावर पोहोचतो आणि त्या डब्यातून जाणाऱ्या-येणाऱ्या चिठ्ठ्यांमुळे दोन अनोळखी माणसांमध्ये स्नेह जुळतो, असे त्याचे कथासूत्र आहे. इरफान खान, निम्रत कौर आणि नवाजुद्दीन सिद्दिकी यांच्या प्रमुख भूमिका आहेत. भारती आचरेकर यांची भूमिका केवळ आवाजाची आहे. संवाद मुख्यत्वे हिंदीत आहेत, पत्रांत इंग्रजीचाही वापर होतो. जोडीदार गमावल्यानंतर, किंवा जोडीदार असूनही सहजीवन संपल्यानंतर, पुन्हा कोणावर जीव जडू शकतो का, हा या चित्रपटाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. तो गंभीर असला तरी मांडणी बव्हंशी हलक्याफुलक्या विनोदाची आहे.

कथानक

इला (निम्रत कौर) ही मुंबईच्या उपनगरात नवरा राजीव व शाळकरी मुलीसह राहणारी तरुण गृहिणी आहे. राजीवचे तिच्याकडे लक्ष उरलेले नाही. चांगल्या स्वयंपाकाने त्याचे मन वळेल, या आशेने ती वरच्या मजल्यावरील देशपांडे आंटींच्या सल्ल्याने एक खास डबा तयार करून पाठवते. तो संध्याकाळी चाटूनपुसून रिकामा झालेला परत येतो. मात्र रात्री नवरा फ्लॉवरची भाजी बरी झाल्याचे सांगतो आणि आपला डबा दुसऱ्याच कोणाकडे गेल्याचे तिच्या ध्यानात येते, कारण तिने फ्लॉवर केलेलाच नसतो.

तो डबा साजन फर्नांडिस (इरफान खान) यांना मिळालेला असतो. एका कार्यालयाच्या दावे विभागात ३५ वर्षे हिशेब तपासण्यात घालवलेले हे गृहस्थ मुदतपूर्व निवृत्ती घेण्याच्या बेतात आहेत. पत्नीच्या निधनानंतर ते एकटे राहतात, घराजवळच्या खानावळीचा डबा खातात, शेजारच्या मुलांवर खेकसतात आणि संध्याकाळी सज्जात सिगारेट ओढत समोरच्या घरातील कुटुंबाचे जेवण पाहत उभे राहतात. डब्यातला बदल लक्षात आल्यावर ते खानावळवाल्याला शाबासकी देऊन येतात. तो बिचारा खूश होतो आणि दुसऱ्या दिवशीही फ्लॉवरच पाठवतो, अर्थात राजीवला.

आंटींच्या सांगण्यावरून इला पुढच्या डब्यात आभाराची चिठ्ठी ठेवते. साजन यांचे पहिले उत्तर त्रोटक आहे: जेवणात मीठ जास्त झाले होते. संतापलेल्या आंटी वरून टोपलीतून मिरच्या सोडतात आणि पुढचा डबा जाळ तिखट होतो. साजन यांना तोंडाची आग विझवायला केळी खावी लागतात. ती हकीकत ते इलाला कळवतात आणि जाता जाता या शहरात कित्येकांचे दुपारचे जेवण म्हणजे एकदोन केळीच असतात, अशी नोंद करतात. येथून पत्रव्यवहाराचा सूर बदलतो.

कार्यालयात साजन यांच्या जागी शेख (नवाजुद्दीन सिद्दिकी) या नव्या माणसाची नेमणूक झालेली असते. साजन त्याला काम शिकवायचे दिवसेंदिवस टाळतात, परंतु शेख चिवट आहे. तो अनाथ असून आपले नावही आपणच ठेवल्याचे सांगतो. तरीही प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘माझी आई म्हणायची’ अशी करतो, कारण तसे म्हटल्याने वाक्याला वजन येते, असा त्याचा अनुभव आहे. परतीच्या लोकलमध्ये तो कार्यालयाच्या फायलींवर भाजी चिरतो. हळूहळू साजन त्याला आपल्या डब्यातला घास देऊ लागतात, हिशेबातील त्याच्या चुका स्वतःच्या माथी घेतात आणि अखेर त्याच्या लग्नात वराकडचे एकमेव आप्त म्हणून उभे राहतात.

इलाला नवऱ्याच्या कपड्यांच्या वासावरून त्याच्या दुसऱ्या संबंधाची कल्पना येते. भूतान या देशात संपत्तीऐवजी आनंदाचे मोजमाप करतात, हे तिने ऐकलेले असते. आपण तिथे जावे असे वाटते, असे ती लिहिते. मीही तुमच्याबरोबर येऊ का, असे साजन विचारतात. त्यावर आपण आधी भेटू या, असे सुचवून ती माटुंग्याच्या ‘कूलर अँड कंपनी’ या जुन्या इराणी हॉटेलात त्यांची वाट पाहत बसते. साजन तिच्यासमोर येत नाहीत. दुसऱ्या दिवशी इला रिकामा डबा पाठवते. साजन त्याला उत्तर पाठवून कळवतात की ते आले होते आणि त्यांनी तिला दुरून पाहिले होते. त्या सकाळी न्हाणीघरात त्यांना आपल्या आजोबांसारखा वास आला आणि तो स्वतःचाच आहे हे कळले, लोकलमध्ये एका तरुणाने उठून त्यांना बसायला जागा दिली, आणि तिथे पाहिलेली इला तर तरुण व सुंदर होती. तेव्हा त्यांनी मागे फिरण्याचे ठरवले.

यानंतर इलाचे आजारी वडील वारतात. ती साजन यांचे कार्यालय शोधून काढते, पण ते निवृत्त होऊन नाशिकला गेल्याचे तिला शेखकडून समजते. दागिने विकून मुलीसह भूतानला जाण्याचा तिचा बेत पक्का होत जातो. इकडे साजन नाशिकच्या वाटेवरूनच परतलेले असतात. शेवटी ते डबेवाल्यांबरोबर लोकलमध्ये बसून, त्यांच्या भजनाच्या साथीने, इलाच्या घराचा माग काढीत निघालेले दिसतात. दोघांची भेट होते की नाही, हे दाखवलेले नाही.

डबेवाले आणि ‘चूक’

मुंबईतील डबेवाल्यांच्या व्यवसायाचा प्रारंभ १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी केला, असे मानले जाते. या व्यवसायातील बहुसंख्य माणसे पुणे जिल्ह्यातील खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या भागांतून आलेली असून त्यांच्यात वारकरी परंपरा मोठी आहे. सकाळी घरोघरी गोळा केलेले डबे स्थानकावर वेगळे केले जातात, लोकलने शहराच्या दक्षिण भागात आणले जातात, पुन्हा विभागले जातात आणि जेवणाच्या सुटीआधी टेबलावर पोहोचतात. रिकामे डबे याच मार्गाने उलटे घरी जातात. वाटेत प्रत्येक डबा अनेक हातांतून जातो. झाकणावर रंगवलेली अक्षरे व आकडे हीच त्याची ओळख. त्यांत कोणत्या उपनगरातून निघाला, कोणत्या स्थानकावर उतरवायचा, कोणत्या इमारतीत व कितव्या मजल्यावर न्यायचा, एवढे सगळे सामावलेले असते. २००३ साली तत्कालीन प्रिन्स चार्ल्स यांनी मुंबईत डबेवाल्यांची भेट घेतली आणि २०१० साली हार्वर्ड बिझनेस स्कूलने या व्यवस्थेवर अभ्यासप्रकरण प्रसिद्ध केले. लाखो डब्यांमागे एखादीच चूक होते, हे वाक्य तर वर्तमानपत्रांनी इतके वापरले की त्याची म्हणच झाली.

चित्रपटाची कल्पना या ख्यातीला धरूनच उभी आहे. जी व्यवस्था चुकत नाही, ती एकदा चुकली तर काय होईल? आपला डबा भलतीकडे जातो, अशी तक्रार इला करते तेव्हा डबेवाला ती मुळीच मान्य करत नाही आणि हार्वर्डच्या माणसांचा व इंग्लंडच्या राजाचा दाखला देतो. प्रेक्षागृहात हमखास हशा पिकवणारा हा प्रसंग कथेच्या दृष्टीने मोलाचा आहे, कारण त्यामुळे चूक दुरुस्त होण्याचा मार्ग बंद होतो. एकच चूक रोज कशी घडते, याचे स्पष्टीकरण चित्रपट देत नाही. व्यवहाराच्या कसोटीवर हे पटण्यासारखे नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु लोककथेत राजपुत्राला वाट चुकायला जेवढे कारण लागते, तेवढेच येथेही पुरेसे मानले आहे.

बत्रा यांना प्रथम डबेवाल्यांवर माहितीपट करायचा होता. त्यासाठी त्यांच्यासोबत हिंडताना, ते ज्या घरांतून डबे उचलतात तेथील माणसांच्या कहाण्या कानांवर पडू लागल्या आणि माहितीपटाची जागा कथापटाने घेतली. चित्रपटात खरे डबेवाले दिसतात. डब्याचा प्रवास दाखवणाऱ्या दृश्यांना त्यामुळे माहितीपटाचा पोत आला आहे.

वियोगाची रूपे

विधुर नायक आणि त्याला नव्याने सापडलेले प्रेम एवढ्यावर चित्रपट थांबला असता, तर तो चारचौघांसारखा झाला असता. त्याचे वेगळेपण असे की त्यातील जवळजवळ प्रत्येक पात्राने काही गमावले आहे आणि प्रत्येकाचे गमावणे निराळ्या जातीचे आहे.

साजन यांचे दुःख सर्वांत सरळ आहे. पत्नी वारली, घर रिकामे झाले. तिने ध्वनिचित्रफितींवर साठवलेले ‘ये जो है जिंदगी’ या दूरदर्शनवरील जुन्या विनोदी मालिकेचे भाग ते एका रात्री काढून पाहत बसतात. ती त्याच त्याच विनोदांवर हसत असे आणि तिचे प्रतिबिंब दूरचित्रवाणीच्या काचेत दिसत असे, हे त्यांना आठवते. तेव्हा तिच्याकडे अधिक वेळ पाहायला हवे होते, अशी त्यांची हळहळ आहे. शोकाचे इतके साधे आणि नेमके चित्रण हिंदी चित्रपटात क्वचितच आढळते. दफनभूमीतील जागेचा किस्साही त्यांच्या पत्रात येतो. पत्नीला आडवी जागा मिळाली, त्यांना मात्र आता उभी जागा देऊ करण्यात आली आहे. आयुष्यभर लोकल व बसमध्ये उभे राहिलो, आता मेल्यावरही उभेच राहायचे, अशी त्यांची तक्रार आहे. दुःख आणि हसू एकाच वाक्यात आणण्याची ही रीत चित्रपटभर टिकून आहे.

देशपांडे आंटींचे यजमान जिवंत आहेत, पण वर्षानुवर्षे बेशुद्धावस्थेत अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यांची नजर फक्त छताच्या पंख्यावर असते, म्हणून आंटी तो पंखा कधी थांबू देत नाहीत, चालू असतानाच पुसतात. या आंटी पडद्यावर एकदाही येत नाहीत. खिडकीतून येणारा आवाज आणि दोरीला बांधलेली टोपली एवढेच त्यांचे अस्तित्व. इलाच्या सगळ्या खटपटींमागे विनोदी सल्लागाराचे काम करणाऱ्या या बाईंच्या डोक्यावर केवढे ओझे आहे, ते फार उशिरा कळते.

इलाच्या आईचा (लिलेट दुबे) प्रसंग सर्वांत धारदार आहे. दीर्घ आजारात नवऱ्याची शुश्रूषा केलेली ही बाई त्याच्या मृत्यूच्या दिवशी मुलीला सांगते, की हा दिवस आला म्हणजे काय होईल याची इतकी धास्ती होती, आणि आता फक्त भूक लागली आहे. तिला पराठे खावेसे वाटतात. प्रेम कधीकाळी होते, नंतर न्याहारी, औषध आणि आंघोळ एवढाच क्रम उरला, असे ती बोलून जाते. इला हे ऐकते तेव्हा तिला स्वतःची तीस वर्षांनंतरची अवस्था दिसली असावी. चित्रपट ते सांगत नाही, पण तिचा पुढचा निर्णय याच प्रसंगानंतर पक्का होतो.

साजन हॉटेलातून मागे फिरतात त्या प्रसंगाला मराठी प्रेक्षकाच्या लेखी आणखी एक संदर्भ आहे. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ (१८९९) आणि ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी केलेला ‘कुंकू’ (१९३७) यांनी जरठ-कुमारी विवाहाचा निषेध मराठी मनात रुजवला. विधुराने तरुणीची अभिलाषा धरणे हा एकीकडे चेष्टेचा आणि दुसरीकडे संतापाचा विषय झाला. साजन स्वतःकडे याच नजरेने पाहतात आणि कोणी बोट दाखवण्याआधीच बाजूला होतात. मात्र शारदा किंवा ‘कुंकू’मधील नीरा यांना कोणी विचारले नव्हते. येथे भेट इलाने ठरवली आहे, जागाही तिनेच निवडली आहे. साजन यांच्या माघारीत सौजन्य आहे, पण तिच्या निवडीचा अव्हेरही आहे. रिकामा डबा पाठवून तिने व्यक्त केलेला राग म्हणूनच न्याय्य वाटतो. इला विवाहित आहे, ही गोष्टही चित्रपट झाकत नाही. तिची आणि साजन यांची गाठ पत्रांपलीकडे जात नाही आणि घर सोडण्याचा तिचा बेत साजन यांच्याविनाच आखलेला आहे.

चित्रपटप्रकार

‘द लंचबॉक्स’ला कोणी प्रणयपट म्हणतात, कोणी भावनाट्य. प्रणयप्रधान सुखात्मिकेची सगळी सामग्री त्यात आहे: चुकीच्या हाती पडलेली वस्तू, पत्रे, खोडकर सल्लागार, हुकलेली भेट आणि शेवटची धावपळ. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांचा पत्रव्यवहार हा विषय अर्न्स्ट लुबिच यांच्या ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ (१९४०) या अमेरिकन चित्रपटाने गाजवला आणि १९९८ साली ‘यू हॅव गॉट मेल’ने तो संगणकाच्या काळात आणला. त्या दोन्हींत पत्रमित्र प्रत्यक्षात एकमेकांशी भांडत असतात आणि गंमत त्या विरोधातून येते. बत्रा यांच्या चित्रपटात नायक-नायिका एकदाही समोरासमोर बोलत नाहीत. प्रेमकथेतील मुख्य जोडी एका चौकटीत आणायचीच नाही, ही अट पाळून सुमारे पावणेदोन तास प्रेक्षकाला धरून ठेवणे सोपे नव्हते. ते साधले आहे ते बव्हंशी शेखमुळे, कारण साजन यांच्यातील बदल डोळ्यांनी दिसतो तो त्याच्याशी असलेल्या वागण्यात.

चित्रपटात नृत्यगीते नाहीत. ‘साजन’ (१९९१) या हिंदी चित्रपटातील गाण्याचा नावावरून केलेला खेळकर उपयोग आणि डबेवाल्यांचे भजन एवढेच गाणे कानी पडते. पार्श्वसंगीत माक्स रिश्टर यांचे, छायाचित्रण मायकेल सिमंड्स यांचे आणि संकलन जॉन एफ. लायन्स यांचे आहे.

अभिनय

इरफान खान यांनी त्या वेळी पन्नाशीही गाठली नव्हती. निवृत्तीला आलेल्या माणसाचे वय त्यांनी रंगभूषेपेक्षा चालण्यातून आणि चमचा धरण्याच्या पद्धतीतून दाखवले. डबा उघडून आधी वास घेणे, मग एकेक पुडा मांडणे ही क्रिया चित्रपटात वारंवार येते आणि प्रत्येक वेळी तिचा अर्थ थोडा पुढे सरकतो. निम्रत कौर यांना या चित्रपटाने व्यापक ओळख मिळवून दिली. त्यांची बहुतेक दृश्ये एका लहानशा स्वयंपाकघरात, समोर दुसरे पात्र नसताना घडतात.

भारती आचरेकर या गायिका माणिक वर्मा यांच्या कन्या. मराठी रंगभूमीवर आणि ‘वागळे की दुनिया’ या मालिकेत त्यांना पाहिलेल्या प्रेक्षकाला आवाज ऐकताच चेहरा दिसतो. इतरांना तो दिसत नाही, आणि तरीही देशपांडे आंटी त्यांच्या लक्षात राहतात.

निर्मिती, प्रदर्शन आणि सन्मान

चित्रपटाच्या निर्मितीत गुनीत मोंगा यांची सिख्या एंटरटेनमेंट, डार मोशन पिक्चर्स व राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ यांच्यासह फ्रान्स आणि जर्मनीतील संस्थांचा सहभाग होता. अनुराग कश्यप हेही निर्मात्यांपैकी एक होते. मे २०१३ मध्ये कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात तो प्रथम दाखवला गेला आणि तेथे त्याला प्रेक्षकांच्या पसंतीचा ‘ग्रां राय दॉर’ पुरस्कार मिळाला. भारतात तो २० सप्टेंबर २०१३ रोजी प्रदर्शित झाला. करण जोहर यांनी पाठीशी राहून त्याचे वितरण घडवल्यामुळे लहान चित्रपटाच्या मानाने तो बऱ्याच पडद्यांवर लागला.

फिल्मफेअर पुरस्कारांत त्याला समीक्षकांच्या पसंतीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट, पदार्पणातील दिग्दर्शक (बत्रा) आणि सहायक अभिनेता (सिद्दिकी) हे सन्मान मिळाले. आशियाई चित्रपट पुरस्कारांत इरफान खान सर्वोत्कृष्ट अभिनेते ठरले. इंग्रजीतर चित्रपटांच्या गटात त्याला ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्काराचे नामांकन होते.

ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून हाच चित्रपट जाईल, असा सार्वत्रिक कयास होता. निवड समितीने मात्र ग्यान कोरिया यांचा गुजराती चित्रपट ‘द गुड रोड’ निवडला. कश्यप आणि जोहर यांनी उघड नाराजी व्यक्त केली आणि निवडीच्या पद्धतीवर काही दिवस वाद झडला. दोन्ही चित्रपटांमागे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ होते, ही गोष्ट त्या गदारोळात मागे पडली.

दिग्दर्शकाचे नंतरचे चित्रपट

उतारवयातील एकाकीपण आणि उशिरा येणारे प्रेम हा विषय बत्रा यांनी पुढेही हाताळला. २०१७ साली आलेल्या त्यांच्या ‘अवर सोल्स ॲट नाइट’ या इंग्रजी चित्रपटात जेन फोंडा आणि रॉबर्ट रेडफोर्ड यांनी शेजारी राहणाऱ्या विधवा व विधुराची कामे केली आहेत. रात्री एकटे झोपवत नाही, म्हणून ती बाई एके दिवशी त्याच्या दारात येऊन, आपण शेजारी पडून नुसत्या गप्पा मारू या का, असे विचारते. ‘फोटोग्राफ’ (२०१९) या चित्रपटात ते पुन्हा मुंबईत आले. त्यात सिद्दिकी यांनी गेटवे ऑफ इंडियाजवळ पर्यटकांची छायाचित्रे काढणाऱ्या माणसाची भूमिका केली.

इरफान खान यांचे २९ एप्रिल २०२० रोजी मुंबईत निधन झाले.